राहिलेली सतरा बोलणी

पप्पांच्या डिझाईन सेक्शनमध्ये चहा घड्याळावर मिळत नसे. ड्रॉइंग बरोबर आलं की मिळे. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण अठरा वर्षं तो पाळला गेला. ड्रॉइंग पूर्ण झालं की कीबोर्डवर रोमन अक्षरांत ‘बघ’ असं टाइप करायचं. मग पप्पांनी लिहिलेला छोटासा प्रोग्राम ते ड्रॉइंग वरपासून खालपर्यंत तपासायचा आणि चूक सापडली की पडद्यावर एक चौकट उघडायची. तिच्यात बोलणी असत.

माप द्यायचं राहिलं, तर: “माप कुटं हाय? फिटर काय तुज्या तोंडाकडं बघून कापणार?” मटेरियल लिहायचं राहिलं, तर: “कशाचा करायचा? गुळाचा करू का?” भोक पत्र्याच्या कडेबाहेर पडलं, तर: “हवेला भोक पाडायचं मशीन अजून आलं न्हाय.” सगळं बरोबर असलं, तर एकच वाक्य यायचं: “ठीक हाय. चहा घे.” मग माणूस खुर्चीतून उठायचा आणि कोपऱ्यातल्या थर्मासकडं जायचा. त्याच्या चालण्यावरून बाकीच्यांना कळायचं, ह्याचं पास झालं.

कंपनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. साखर कारखान्यांचे सुटे भाग बनवते: रोलर, शाफ्ट, उसाच्या पट्ट्याच्या साखळ्या, रसाच्या टाक्या. डिझाईन सेक्शनमध्ये अकरा कॉम्प्युटर. अकराव्यावर पप्पा बसायचे. धर्मपाल सर, सेक्शन हेड. सगळ्यांवर ड्रॉइंगचं एकच सॉफ्टवेअर होतं आणि ते नऊ वर्षांपूर्वीचं होतं. अपडेट करायचा विषय निघाला की पप्पा म्हणायचे, सीझन संपू दे. सीझन संपला की म्हणायचे, आता ओव्हरहॉलिंग आलं. साखरेच्या धंद्यात वर्षाला हे दोनच ऋतू असतात, त्यामुळे त्यांचं उत्तर कधीच चुकीचं ठरलं नाही.

मे महिन्यात पप्पा गेले. शनिवार होता, ते जेवायला बसत होते. याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

पुण्यात माझं काम अपडेटचंच आहे. मोठ्या कंपन्यांची डिझाईनची सॉफ्टवेअर सांभाळायची: कुणाकडं कुठलं व्हर्जन आहे, लायसन कधी संपतंय, नव्यात जुनं उघडतंय का. मी रजा वाढवून आईजवळ राहिले होते. जुलैत कंपनीचे मालक सिद्धप्पा घरी आले. साठी उलटलेले, जाड काचेचा चष्मा, बोलताना मराठीतून कन्नडमध्ये जातात आणि परत येतात. मला म्हणाले, अव्वा, म्हणजे लाडानं पोरी, माढ्याकडच्या कारखान्याचा सल्लागार नव्या व्हर्जनच्या फायली पाठवतो आणि आमच्याकडं त्या उघडतच नाहीत. आम्ही त्याला फोन करून विचारतो, यात काय काढलंय ते सांगा. तो हसतो. तुझ्या पप्पांचं तेवढं राहिलं, ते तू कर.

मी हो म्हटलं. घरात बसून काम नसणं मला जमत नव्हतं.

अकराही कॉम्प्युटर एकदम नव्या व्हर्जनवर न्यायचे नाहीत, हा आमच्या कामातला पहिला धडा. मी एकेक घेतला. आधी पूनमचा. पूनम सेक्शनमधली सगळ्यात धीट मुलगी, बिघडलं तर बिघडलं म्हणणारी. तिच्या कॉम्प्युटरवर जुनी शंभर ड्रॉइंग उघडून पाहिली, प्रिंट काढून जुन्या प्रिंटशी ताडून पाहिली, मग पुढचा. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दहा झाले. सल्लागाराच्या फायली उघडू लागल्या. फक्त ‘बघ’ चालेना. नव्या व्हर्जनमध्ये ‘बघ’ टाइप केलं की पडदा नुसता गप्प बसायचा.

कारण साधं होतं. दहा जणांकडं पप्पांच्या प्रोग्रामची चालणारी फाईल होती, पण ती झाळून बंद केलेल्या डब्यासारखी. दुरुस्त करायची तर आतला मूळ मजकूर हवा, आणि तो फक्त अकराव्या कॉम्प्युटरवर होता. तो कॉम्प्युटर मेपासून कुणी बंदच केला नव्हता. हात लावायला कुणी धजत नव्हतं.

मग तपासणीसाठी सगळे अकराव्याकडं येऊ लागले. ड्रॉइंग आधी जुन्या व्हर्जनमध्ये साठवायचं, पेनड्राइव्हवर घ्यायचं, रांगेत उभं राहायचं. चहासाठी रांग. नवनाथदादा, म्हणजे पप्पांनंतरचे सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन, माढ्याजवळच्या खेड्यातले, मला म्हणाले, “ताई, रेशनच्या दुकानात पण एवढं थांबाया लागत न्हाय.” मी त्यांना म्हटलं, तपासणीशिवाय चहा घ्या की. ते माझ्याकडं असे बघत राहिले की मी विषय बदलला.

आता माझी चूक. मूळ मजकुराची नक्कल करायला दहा मिनिटं पुरली असती आणि माझ्याकडं अडीच महिने होते. मी रोज ठरवायची. त्या खुर्चीत बसायची, माऊसवर हात ठेवायची, आणि काहीतरी विसरल्यासारखी उठायची. माऊसच्या डाव्या बटणावर त्यांच्या बोटानं खळगा पडला होता. पुण्यात माझ्या हाताखालच्या एखाद्यानं असं केलं असतं तर मी त्याला शांतपणे घरी पाठवलं असतं.

शेवटी खंडेनवमी ठरवली. त्या दिवशी यंत्रांना आराम असतो. सगळी यंत्रं पुसून, पुजून ठेवतात आणि दसऱ्याच्या सकाळी चांगल्या कामानं सुरू करतात. कुणी मध्ये येणार नाही, दहा वाजता जाऊन नक्कल करू, असा माझा बेत होता. आम्ही बौद्ध. पप्पा पूजा करायचे नाहीत, कुणाची अडवायचेही नाहीत. खंडेनवमीला ते रंगाचा जुना ब्रश घेऊन आपला कीबोर्ड साफ करायचे आणि मग शॉपभर फिरून सगळ्यांचा प्रसाद खायचे. त्यांच्या कॉम्प्युटरला कधी कुंकू लागलं नाही.

मी दहाला पोचले तर पूजा नऊलाच सुरू होऊन आटपत आलेली. अकराही पडद्यांवर झेंडूच्या माळा, प्रिंटरला दोन्ही बाजूंनी ऊस बांधलेले. पप्पांच्या कॉम्प्युटरला सगळ्यात मोठी माळ. आणि त्याच्यासमोर नवनाथदादा दोन्ही हात डोक्याला लावून उभे.

झालं होतं ते असं. यंदा सरांच्या कॉम्प्युटरची पूजा मी करणार, असं दादांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी तो नीट, रीतसर बंद केला. पुसला. हळद-कुंकू लावलं. मग नारळ. दादा कंपनीत बावीस वर्षं आहेत, त्यातली पहिली चार लेथवर गेली. लेथचा नारळ लेथच्याच बेडवर फोडतात. हात सवयीनं वर गेला, आणि पप्पांच्या कॉम्प्युटरचा लोखंडी डबा समोर होता.

नारळ एका घावात फुटला. चांगला भरलेला होता. सगळं पाणी वरच्या जाळीतून आत गेलं.

मी वाकून आत बघितलं. पंख्याला खोबऱ्याचा एक तुकडा चिकटला होता. वास छान येत होता. दादा पुटपुटत होते, “एका घावात फुटला म्हून मला आनंदच झालता, ताई.”

मला हसू आलं. मी ते दाबलं, तर ते दुसरीकडून आलं. मी खुर्चीत बसले आणि टेबलावर डोकं ठेवलं. मेपासून मी कुणासमोर रडले नव्हते, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की आता ते चाललंय. पूनम पाणी घेऊन आली, पाठीवर हात फिरवायला लागली, आणि मग तिला माझा चेहरा दिसला. तिलाही हसू सुटलं. मग प्रिंटरजवळच्या दोघांना. दादा एकटे गंभीर होते, त्यामुळे जास्तच. सिद्धप्पा प्रसादाचं ताट घेऊन आत आले तेव्हा नऊ माणसं हसत होती, एक माणूस रडायच्या बेतात होता आणि कुणालाच काय झालं ते सांगता येत नव्हतं.

हसणं ओसरल्यावर हिशेब लागला. मूळ मजकूर गेला असेल तर ‘बघ’ गेलं. दहा जणांकडचं पप्पांचं बोलणं बंद ते बंदच राहणार, आणि जुन्या व्हर्जनचा हा एकमेव कॉम्प्युटरही आता नारळपाण्यात.

मी पेचकस घेतला आणि हार्ड डिस्क बाहेर काढली. वरून चिकट झाली होती. पुसली. सिद्धप्पा म्हणाले, ज्वारीत ठेव. त्यांचा फोन एकदा हिप्परग्याच्या तलावात पडला होता, चार तास ज्वारीत ठेवला आणि अजून चालतोय. मी म्हटलं, काका, ही बंद डबी आहे, आत गेलं असेल तर ज्वारीनं निघणार नाही आणि गेलं नसेल तर ज्वारीची गरज नाही. ते म्हणाले, मग ठेवायला काय जातंय. कँटीनमधून मालदांडी ज्वारीचा डबा आला. पप्पांची अठरा वर्षं दुपारपर्यंत ज्वारीत पुरून राहिली आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण झाकण उघडून बघून गेला. गच्चीत न्यावी, ऊन चांगलं आहे, असंही एकानं सुचवलं.

चारला डबा उघडला. आता डिस्क लावायची कुठं? कॉम्प्युटर तर सगळे पूजेत. दसऱ्यापर्यंत सुरू करायचे नाहीत. सगळे सिद्धप्पांकडं बघू लागले. त्यांनी माझ्या बॅगेकडं पाहिलं, चष्मा वर केला.

“लॅपटॉप पुण्याचा हाय. त्याची पूजा झाली न्हाय. त्याला आपली खंडेनवमी लागू न्हाय.”

पहिल्या वेळी काहीच दिसलं नाही. मी वायर बदलली. दहा जण माझ्या मानेवर श्वास सोडत होते. दुसऱ्या वेळी डिस्क बारीक आवाज करून फिरली आणि पडद्यावर फोल्डर उघडलं. मागून कुणीतरी म्हणालं, ज्वारी. सिद्धप्पा म्हणाले, “आयतु.” म्हणजे झालं. दादा खाली बसले आणि त्यांनी नारळाची एक वाटी उचलून खायला सुरुवात केली.

फोल्डरमध्ये दोन फायली होत्या. एकीत प्रोग्राम: कुठली चूक कशी ओळखायची आणि मग कितव्या नंबरचं वाक्य दाखवायचं. दुसरीत नुसती वाक्यं. तिचं नाव पप्पांनी ‘बोलणी’ ठेवलं होतं. दुरुस्तीला पहिली पुरणार होती. मी ती उघडली आणि खालपर्यंत गेले. शेवटचा नंबर सत्तावन्न.

पूनमकडं एक डायरी होती, खत कंपनीची, फुकट मिळालेली. सेक्शनमध्ये कुणालाही नवं वाक्य ऐकायला मिळालं की ती त्यात लिहून ठेवायची, तारीख आणि बोलणी खाणाऱ्याच्या नावासकट. तिच्याआधीच्या वर्षांची दादांनी आठवून सांगितली होती. तिनं मोजलं. चाळीस.

म्हणजे सतरा चुका अशा होत्या, ज्या अठरा वर्षांत कुणी केल्याच नाहीत. पप्पांनी त्यांच्यासाठीही वाक्यं लिहून ठेवली होती आणि ती वाट बघत बसली होती. पप्पा अजून सतरा वाक्यं बोलायचे राहिले होते.

‘बोलणी’ नावाच्या फाईलवर दोनदा टिचकी मारली की झालं. पूनम माझ्या बोटाकडं बघत होती. मी लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी घरी मी पहिली फाईल नीट केली. चौदा ओळी बदलाव्या लागल्या, बाकी पप्पांचं सगळं जसंच्या तसं चाललं. ओळी वाचताना चुकांच्या अटी कळत होत्या, कारण त्या कळल्याशिवाय काम होणार नव्हतं. वाक्यं मात्र मी बघितली नाहीत. सत्तावन्नावी अट सगळ्यात छोटी होती. ती वाचली आणि मी पुढच्या कामाला लागले.

दसऱ्याच्या सकाळी आई म्हणाली, दोन वाजता विहारात जायचंय. दरवर्षी या दिवशी आम्ही तिघं पांढरे कपडे घालून जायचो. तिनं विचारलं, येणार आहेस का? मी म्हटलं, काम आहे. मेपासून मी तिला बहुतेक हेच सांगत आले होते. ती बरं म्हणाली.

नवाला दहाही कॉम्प्युटर सुरू झाले. नवं ‘बघ’ सगळ्यांवर चढवलं. पहिलं चांगलं काम म्हणून दादांनी माढ्याच्या कारखान्याचा रोलरचा शाफ्ट उघडला, हात जोडले आणि ‘बघ’ टाइप केलं. पडदा क्षणभर गप्प. मग चौकट: “ठीक हाय. चहा घे.” दादा उठले, थर्मासकडं गेले. पंधरवड्यानंतर सेक्शनमध्ये जागच्या जागी मिळालेला तो पहिला चहा. 

मग पूनम म्हणाली, “ताई, आज सुट्टीच आहे. आपण चुका करायच्या का?”

तिनं एक प्लेट काढली आणि तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरात सूचना लिहिल्या. ‘बघ’. चौकट उघडली: “अक्षर मुंगीसाठी लिवलंस. मुंगी वेल्डिंग करत न्हाय.” पूनमनं डायरी काढली. एक्केचाळीस.

त्यानंतर डिझाईन सेक्शनमध्ये जे झालं ते बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर कारखान्यांनी ऑर्डरी काढून घेतल्या असत्या. एकानं चाळीस मीटरचा शाफ्ट काढला. “ह्यो फाटकातून भायेर गेला. वॉचमनला इचारलंस का?” एकानं पाइपजोडाच्या फ्लँजला बोल्टच दिले नाहीत. “आशीर्वादावर बसवायचा का?” एकानं काढणारा आणि तपासणारा दोन्ही जागी आपलंच नाव घातलं. “मतदान पण घरीच करतोस का?” एकानं गेल्या वर्षाची तारीख टाकली. “मागं जायचं तर एसटीनं जा की.” दर वाक्याला दहा डोकी एका पडद्यावर. पूनम लिहिता लिहिता हसत होती, त्यामुळे अक्षर लागत नव्हतं, आणि लिहिलेलं वाचता येत नाही म्हणून पुन्हा हसत होती. अटी सांगा म्हणून ते माझ्या मागं लागले. मी सांगितल्या नाहीत. चूक ज्याची त्यानं करायची.

दादांचे हाल झाले. त्यांचा हात चुकीकडं जाईना. त्यांनी मन घट्ट करून एक वाकडी टाकी काढली, ‘बघ’ केलं, आणि चौकट आली: “ठीक हाय. चहा घे.” नियम म्हणजे नियम, ते जाऊन चहा प्याले. दुसरी काढली, तीही पास. तिसऱ्या कपानंतर ते काकुळतीला आले. “सर, एकदा तरी बोला की मला.” शेवटी त्यांनी डोळे मिटून माऊस फिरवला आणि त्यांना सरळ तीन बोलणी एकदम मिळाली. ते अशा चेहऱ्यानं उठले, जसे काही मुलगा पास झाल्याचे पेढे वाटायला आलेत.

बारापर्यंत पंधरा झाली. मग अडलं. उरली दोन. सिद्धप्पा दारात उभे राहून बघत होते. ते म्हणाले, मला बसू द्या. त्यांनी जन्मात ड्रॉइंग काढलेलं नाही. एक बोट वापरून त्यांनी एक वर्तुळ काढलं. फक्त वर्तुळ, माप नाही, नाव नाही. मी त्यांच्यामागं उभी होते आणि मला तशीच एक अट आठवली. मी ओठ दाबले. त्यांनी ‘बघ’ टाइप केलं.

“मालक, नमस्कार. खुर्ची नवनाथला द्या.”

सिद्धप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग ते पडद्याला नमस्कार करून खरंच उठले. पूनम जमिनीवर बसली होती. दादांचा चौथा चहा सांडला.

उरलं एक. आता सगळे माझ्याकडं बघत होते, कारण मी सोडून सगळ्यांनी बोलणी खाल्ली होती. मी पूनमच्या खुर्चीत बसले. नवा कागद उघडला. पांढरा, रिकामा. त्यावर काहीच काढलं नाही. पूनम म्हणाली, ताई, काढा की काहीतरी. मी मान हलवली. सत्तावन्नावी अट हीच होती: कागदावर एकही रेघ नसणं. अठरा वर्षांत इथं कुणी रिकामा कागद तपासायला दिला नव्हता.

मी ‘बघ’ टाइप केलं.

“कागद कोरा हाय. आज मन न्हाय दिसतंय. लाजू नको, घरला जा. कागद कुटं जातोय?”

 पूनमनं डायरी उघडली आणि मिटली. मी चौकट बंद केली, बॅग उचलली. दादांना म्हटलं, जुन्या ‘बघ’ची एक नक्कल महिनाभर जपून ठेवा, लागली तर असावी. ते बरं म्हणाले. सिद्धप्पांनी आपट्याची पानं हातात दिली आणि म्हणाले, सावकाश जा, अव्वा.

घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. आई तयार होऊन बसली होती. पलंगावर माझी पांढरी साडी इस्त्री करून ठेवलेली होती, मी येणार नाही म्हणून सांगितलं होतं तरी.

रिक्षात मी तिला सगळं सांगितलं. नारळ, ज्वारी, दादांचे चार चहा. ती हसत होती, पदर तोंडाला लावून, मेनंतर पहिल्यांदाच. मग मी तिला सत्तावन्नावं वाक्य सांगितलं. ती हसायची थांबली. माझ्याकडं वळली.

“हे त्यांचं नाही. माझं आहे.”

आजोबा गेले त्या वर्षी पप्पा घरी ड्रॉइंग बोर्ड घेऊन बसायचे आणि काही काढायचे नाहीत. एका दुपारी तीच त्यांना म्हणाली होती. उठा, मन नाही तर नाही, कागद कुठं जातोय.

मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. आम्हाला एकदमच हसू सुटलं. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं. विहाराच्या फाटकाशी उतरताना आईनं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि म्हणाली, “बाकीची पण मला वाचून दाखव. दोन-चार माझी निघतील.”